विंडोज १० वरून ११ वर अपग्रेड केल्यापासून डेस्कटॉप आपोआप स्लीपमध्ये जात नाही आणि हाताने स्लीप केला तर थोड्या वेळात स्वतःच सुरू होतो. काय करावं?

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे बिघाड आहेत: न झोपणं आणि झोपून उठणं. दोन्हींची कारणं वेगळी, म्हणून तपासही वेगळा. पॉवर प्लॅन रीसेट करत बसण्याआधी नेमकं कोण आडवं येतंय ते विंडोजलाच विचारा.

स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल (ॲडमिन) उघडा. खालच्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी स्पेलिंग वापरा.

सगळ्यात आधी 'पॉवरसीएफजी /ए'. पीसीवर स्लीपचे कोणते प्रकार चालतात ते ही कमांड दाखवते. स्टँडबाय (एस३), म्हणजे नेहमीची स्लीप, उपलब्ध दिसलं तर पुढे चला. ते अनुपलब्धच्या यादीत असेल आणि खाली 'ग्राफिक्स' असं कारण दिलं असेल, तर अपग्रेडमध्ये ग्राफिक्सचा मूळ ड्रायव्हर गेला आणि त्या जागी मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर हा विंडोजचा कामचलाऊ ड्रायव्हर आला, असं समजा. अशा वेळी स्टार्ट मेनूतला स्लीपचा पर्यायही गायब होतो. कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर टाकला की तो परत येतो.

झोपत नसेल तर 'पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स', म्हणजे पीसीला जागं ठेवणाऱ्यांची यादी. पीसी नुसता पडून असताना ही कमांड द्या आणि 'सिस्टम' या मथळ्याखाली काय येतं ते पाहा. 'ऑडिओ स्ट्रीम वापरात आहे' असं आलं तर बहुतेक वेळा ब्राउझरचा एखादा टॅब किंवा माइक धरून बसलेलं ॲप असतं. 'एसआरव्हीनेट' दिसलं तर नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्राने तुमचं शेअर केलेलं फोल्डर उघडून ठेवलंय. 'लेगसी कर्नल कॉलर' हे उत्तर मोघम आहे. वेबकॅम, बाहेरचं साउंड कार्ड अशी यूएसबी उपकरणं एकेक काढून कमांड पुन्हा द्या. सगळीकडे 'नन' (काहीच नाही) असूनही झोपत नसेल तर गेम कंट्रोलर काढून बघा. त्याच्या काडीची किंचित थरथरसुद्धा विंडोजला वापर वाटू शकते.

'/रिक्वेस्ट्सओव्हरराइड' वापरून अडवणाऱ्याकडे दुर्लक्ष करायला सांगता येतं, पण मी ते शेवटी करेन. एसआरव्हीनेट असं दाबून टाकलंत तर कोणी तुमच्या फोल्डरमधून मोठी फाइल कॉपी करत असतानाच पीसी झोपेल.

आता आपोआप उठण्याचं. उठल्या उठल्या 'पॉवरसीएफजी /लास्टवेक' द्या. पुष्कळदा त्यात शून्य नोंदी येतात. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, सिस्टम इथे जाऊन 'पॉवर-ट्रबलशूटर' या सोर्सचा इव्हेंट १ शोधा. 'वेक सोर्स'समोर कारण लिहिलेलं असतं.

तिथे टायमर (ठरलेल्या वेळी पीसी उठवणारा गजर) असेल तर 'पॉवरसीएफजी /वेकटायमर्स' सांगेल तो कोणी लावलाय. अनेकदा विंडोज अपडेटच असतं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, स्लीप, 'अलाउ वेक टायमर्स' हे डिसेबल करा.

उपकरण असेल तर 'पॉवरसीएफजी /डिव्हाइसक्वेरी वेक_आर्म्ड' ने पीसीला उठवण्याची परवानगी असलेल्यांची यादी काढा. इथेच अपग्रेडचा संबंध लागतो: नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर नव्याने बसला की तुम्ही पूर्वी काढलेल्या टिका मूळ स्थितीत परत येऊ शकतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅबवर पीसीला उठवण्याची टिक काढा. दुसऱ्या यंत्रावरून पीसी उठवायची गरज असेल तर ती टिक राहू द्या आणि 'फक्त मॅजिक पॅकेट' (पीसी उठवण्यासाठीच मुद्दाम पाठवलेला नेटवर्क संदेश) ही टिक जोडा. माउसलाही परवानगी नको, टेबलाला धक्का लागला तरी पीसी उठतो. कीबोर्डची मात्र ठेवा.

पीसी उठतो पण पडदा काळाच राहतो, असंही होत असेल तर आधी ग्राफिक्स आणि चिपसेट ड्रायव्हर, मग मदरबोर्डचं बायोस (त्यातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा.

एवढं करूनही अडलं तर '/ए' आणि '/रिक्वेस्ट्स' यांचं पूर्ण आउटपुट प्रश्नात टाका. त्यावरून पुढचं सांगतो.