हिरोशिगेचा पाऊस आधी नीट बघ

अरे, प्रिंट विकत घ्यायची घाई नको करू, आधी एकच चित्र धर, जपानी चित्रकार हिरोशिगेचं 1857 चं, लाकडी फळ्या कोरून छापलेलं, शिन-ओहाशी पुलावर अचानक आलेला पाऊस, एदो म्हणजे आजच्या टोकियोतला, आणि झूम करून नुसत्या पावसाच्या रेघा बघ. त्या कोरल्यात रे! रेघेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून केसासारखी बारीक धार फळीवर उभी ठेवायची, मला अजून काटा येतो बघताना.

मग वरचा काळा ढग, खाली येता येता विरत जातो ना, त्याला बोकाशी म्हणतात, छापणारा दर कागदाला फळीवरचा रंग हाताने पुसून ते करतो, म्हणून दोन प्रती कधीच डिट्टो सेम नसतात, जमलं तर दोन म्युझियमच्या प्रती शेजारी शेजारी उघड. हिरोशिगेने फक्त चित्र काढलं, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, पैसा प्रकाशकाचा.

आणि हो, हिरोशिगे मूळचा आगी विझवणाऱ्यांच्या घरातला, वडिलांची ती नोकरी त्यानेही केली. हे चित्र आलं आणि पुढच्याच वर्षी, 1858 ला तो गेला. व्हॅन गॉगने 1887 मध्ये ऑइलमध्ये याची कॉपी केलीय, तीही बघ, पण नंतर.