छप्पर उतरवायचं की नुसतं शाकारायचं?

प्रश्न : आजेसासऱ्यांनी बांधलेलं आमचं घर मंगलोरी कौलांचं आहे. दोन वर्षं शाकारूनही, म्हणजे कौलं काढून-झाडून परत नीट लावूनही, माजघरात पाणी येतंच. सुतार म्हणतात, सगळं छप्पर बदला. धाकटे दीर म्हणतात, कौलं काढून पत्रा टाकू. काय करावं?
— एक वाचक, तालुका संगमेश्वर

उत्तर : ताई, गळतं म्हणजे छप्पर गेलं असं धरू नका. माकडांनी कौल सरकवलं की गळतं, खोबणीत पाला साचला तरी गळतं. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. त्यांचा छाप असलेली कौलं आजही जुन्या घरांवर दिसतात. नीट भाजलेलं कौल सहसा आधी जात नाही, आधी जातं ते लाकूड.

म्हणून कौलं मोजत बसू नका, वासे तपासा. अंगणात लांब उभं राहून आढं, म्हणजे छपराचा आडवा माथा, बघा. मध्येच झोळ दिसला तर काळजीचं आहे. मग माळ्यावर जाऊन वासा भिंतीवर टेकतो ते टोक बघा. भिंतीतली ओल तिथे मुरते आणि वारा लागत नाही, त्यामुळे कुजायला सुरुवात बहुधा तिथूनच होते. वरचा रंग शाबूत असतो, आत वाळवीने पोखरलेलं असतं. जाड स्क्रूड्रायव्हर जोर लावून टोचा. पक्क्या सागात तो जेमतेम रुततो. बोटभर आत गेला, भुसा पडला, तर तो वासा संपला. असे दोन-चार निघाले तर तेवढेच बदला. निम्मे निघाले तर सुतारांचं ऐका आणि छप्पर उतरवा.

माजघरात दरवेळी एकाच जागी गळत असेल, तर वर छपराची दोन पाखी, म्हणजे दोन उतार, एकमेकांना मिळतात का बघा. तिथल्या पन्हळाचा पत्रा गंजला असेल, तर कितीही शाकारा, पाणी येणारच.

पत्र्याला माझा स्पष्ट विरोध आहे. पत्रा हलका म्हणून कुजके वासे तसेच ठेवले जातात. निसर्ग वादळात, जून २०२० मध्ये, दापोली-मंडणगडकडे किती घरांचे पत्रे उडाले ते आपण पाहिलं. शिवाय वैशाखात त्याखाली दुपारी बसवत नाही.

नवी कौलं घ्याल तेव्हा जुनं एक सोबत न्या. कारखान्यागणिक खोबण वेगळी असते, एकमेकांत बसत नाहीत. धड निघालेली जुनी सगळी एका पाख्यावर चढवा, नवी दुसऱ्यावर. आणि सुतारांना दिवाळीनंतर लगेच बोलवा. मे महिन्यात ते कुणालाच मिळत नाहीत.