वेळ बघायला उचललेला फोन आणि टेबलावरचा ई-इंक डिस्प्ले

‘घरून काम करते. मन लावून बसलेली असते. किती वाजले ते पाहायला फोन उचलते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी भानावर येते. ॲप काढून टाकली, पुन्हा घातली. फोन कपाटात ठेवला, तर सारखी उठून कपाटापाशी जाते. ई-इंकचा, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याचा, शांत डिस्प्ले टेबलावर ठेवला तर हे थांबेल का? की घरात आणखी एक यंत्र येईल, एवढंच?’

हा प्रश्न थोड्याफार फरकानं समुपदेशनात वारंवार येतो. पुढची हकिकत अशा अनेक कामांतून जुळवलेली आहे, कुणा एकाची ओळख पटेल असं तिच्यात काही ठेवलेलं नाही. विचारणाऱ्या बाई यंत्रांच्या माहितीपुस्तिका संपादित करतात. दिवसातून दोन-तीन ऑनलाइन बैठका, बाकी सगळं सलग लक्ष लागणारं काम.

डिस्प्ले घ्यावा की नाही, हे पहिल्या भेटीत ठरवलं नाही. आधी तीन कामाचे दिवस नोंद ठेवायला सांगितली. फोन हातात घेतला की एक ओळ लिहायची: किती वाजता, कशासाठी उचलला, शेवटी काय पाहिलं. मधल्या आणि शेवटच्या रकान्यात जो फरक पडतो, तोच खरा दुखण्याचा भाग. नोंद कागदावरच हवी. फोनमधल्या ॲपवर ठेवली, तर नोंद करायलाच फोन उघडावा लागतो. बहुतेक लोक आणखी एक चूक करतात, संध्याकाळी आठवून लिहितात. मग लांबलेले प्रसंग तेवढे आठवतात आणि दहा-दहा सेकंदांचे डोकावणे गळून जातात. त्यावर उपाय असा की पोस्टकार्डाएवढा जाड कागद रबरबँडनं फोनलाच बांधायचा. फोन उघडायला तो सरकवावा लागतो, म्हणजे लिहायचं विसरत नाही. (या अडथळ्यानंच उचलणं थोडं कमी होतं. पण तो परिणाम फार दिवस टिकत नाही, त्यावर भिस्त ठेवू नये.)

बाईंच्या नोंदीत तीन प्रकार दिसले. निम्म्याच्या आसपास वेळा कारण साधं होतं: किती वाजले, पुढची बैठक कधी, आज तारीख काय. त्याखालोखाल ‘काही आलंय का’ हे बघणं. उरलेल्या वेळी रकान्यात ‘कशासाठी’पुढे चक्क रेघ होती, कारण नव्हतंच. त्या ओळींच्या वेळा पाहिल्यावर कळलं की त्या नेमक्या काम अडलेल्या जागी पडल्या होत्या.

ई-इंक डिस्प्ले पहिल्या प्रकारावर चांगला चालतो. दुसऱ्यावर अर्धामुर्धा, तोही सोबत एक नियम असेल तर. तिसऱ्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही. हे आधी सांगितलं नाही, तर महिन्याभरानं लोक म्हणतात, ‘घेतला, पण फरक नाही.’

वेळ बघायला उचललेला फोन लगेच खाली का जात नाही? लॉकस्क्रीनवर घड्याळाच्या खालीच सूचना असतात. त्यांत कधी महत्त्वाचं असतं, बहुतेकदा नसतं. बक्षीस अधूनमधून आणि अंदाज न येता मिळालं, तर सवय सर्वांत चिवट होते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं. शिवाय अर्धवट वाचलेला निरोप फोन ठेवल्यावरही डोक्यात घोळत राहतो. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये हेच मांडलं: काम बदललं तरी लक्षाचा काही भाग मागच्या कामात अडकून राहतो. म्हणून भांडण वेळ बघण्याशी नाही. फोन उचलण्याचं जे रास्त कारण आहे, तेच फोनबाहेर हलवायचं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नोंदीत फक्त ‘किती वाजले’ एवढंच निघालं, तर ई-इंक विसरा आणि भिंतीवर काट्यांचं घड्याळ लावा. बाईंच्या बाबतीत बैठकांच्या वेळा बदलत्या होत्या, दिवसाचा आराखडा कॅलेंडरमध्ये होता, म्हणून डिस्प्लेचा विचार झाला.

ई-इंकमध्ये सूक्ष्म कोशांत पांढरे आणि काळे कण असतात, त्यांच्यावर विरुद्ध विद्युतभार असतो. विद्युतदाब दिला की एक रंग वर येतो, दुसरा तळाशी जातो आणि दाब काढल्यावरही चित्र तसंच राहतं. वीज लागते ती चित्र बदलताना. साध्या पॅनेलला मागून उजेड नसतो, खोलीतल्या प्रकाशातच ते वाचायचं, छापील कागदासारखं. संगणक-संशोधक मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राऊन यांनी १९९५ मध्ये ‘शांत तंत्रज्ञाना’ची कल्पना मांडली. माहिती नजरेच्या कडेला असावी, हवी तेव्हा मध्यभागी यावी आणि परत कडेला जावी, असा तिचा गाभा. ई-इंकचा संथपणा इथे कामी येतो: ज्या पडद्यावर व्हिडिओ धड चालत नाही आणि बोटानं सरकवायला काही नाही, त्याच्यात माणूस हरवत नाही.

बाईंनी निवडलं ते साडेसात इंची, ८०० × ४८० बिंदूंचं काळं-पांढरं पॅनेल आणि त्यामागे ते चालवणारा, वायफाय असलेला छोटा ईएसपी३२ बोर्ड. जोडणी त्यांच्या भाच्यानं करून दिली. तीन रंगांचं पॅनेल घ्यायचा त्यांचा विचार होता, ‘तातडीचं लाल अक्षरांत दिसेल’ म्हणून. तो आम्ही सोडायला लावला. एक तर तीन रंगांचं पॅनेल बदलताना पंधरा सेकंदांहून जास्त वेळ लुकलुकतं, काळं-पांढरं साधारण चार सेकंदांत स्थिर होतं. दुसरं म्हणजे, टेबलावर लाल अक्षरं आली की शांतता संपली.

खरी ओढाताण झाली ती काय दाखवायचं यावर. पहिल्या यादीत हवामान, बातम्यांचे मथळे, न वाचलेल्या मेलचा आकडा, पावलं, सुविचार असं बरंच होतं. यादी नोंदीच्या कागदाशेजारी ठेवली आणि एकच कसोटी लावली: या गोष्टीसाठी तुम्ही गेल्या तीन दिवसांत फोन उचलला होता का? बातम्यांसाठी मुद्दाम एकदाही उचलला नव्हता. म्हणजे ती नवी भूक लावून घेणं झालं. मेलच्या आकड्यावर मात्र बाई अडून बसल्या. ‘आकडा शून्य दिसला तर मी निवांत राहीन,’ असं त्यांचं म्हणणं. पण आकडा शून्य राहत नाही. पडद्यावर ‘३’ दिसलं की कोणाचे ते तीन, हे कळायला फोनच घ्यावा लागतो. ज्या माहितीचं उत्तर फोनमध्ये आहे, ती डिस्प्लेवर ठेवू नये. शेवटी चार ओळी उरल्या: वार-तारीख, पुढची बैठक आणि तिची वेळ, सध्या हातात असलेलं एक काम, आणि निरोप पुन्हा कधी बघायचे ती वेळ.

मिनिटामिनिटाचं घड्याळ पॅनेलवर ठेवलं नाही. मिनिटाला एकदा बदल म्हणजे एक तर पूर्ण रिफ्रेश (सगळं चित्र नव्यानं काढणं), त्यात पडदा काळा-पांढरा लुकलुकतो. नाही तर अर्धवट रिफ्रेश, त्यात आधीच्या अक्षरांची पुसट सावली साचत जाते आणि अधूनमधून पूर्ण रिफ्रेश करावाच लागतो. अशा पॅनेलसाठी सहसा दोन रिफ्रेशमध्ये किमान १८० सेकंद अंतर ठेवायचा सल्ला असतो. काम झाल्यावर पॅनेल स्लीपमध्ये घालायचं आणि चोवीस तासांत एकदा तरी रिफ्रेश करायचं, हेही त्यासोबत सांगतात. वेळेसाठी शेजारी काट्यांचं घड्याळ ठेवलं. लोकांना हे अपुरं वाटतं, पण दोन वस्तू दोन कामं नीट करतात.

पहिल्या आठवड्यात डिस्प्ले दर पाच मिनिटांनी माहिती आणत होता, बदल असो वा नसो. दर वेळी लुकलुक, दर वेळी बाईंची मान वर. नुसती माहिती आणून आधीच्याशी ताडून पाहायची आणि फरक असेल तरच चित्र बदलायचं, असं करून घेतलं. आणण्याचं अंतर अर्ध्या तासावर नेलं. जागाही बदलली. आधी तो मॉनिटरच्या बरोबर वर होता. तो डाव्या हाताला, मान किंचित वळवावी लागेल असा ठेवला. खिडकीतलं थेट ऊन टाळायचं, कारण उन्हानं पॅनेल खराब होतं.

मराठी अक्षरं हा वेगळा त्रास. ‘स्थिती’ लिहिलं की ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी, जोडाक्षर फुटलेलं, हलन्त उघडा. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. छोट्या बोर्डांवरच्या चित्र-लायब्ररी (पडद्यावर अक्षरं-चित्रं काढणारे तयार प्रोग्राम) एकेक चिन्ह ओळीनं मांडतात, अक्षरं जुळवण्याची देवनागरीची पायरी त्यांच्यात नसते. म्हणून पूर्ण पान संगणकावर किंवा सर्व्हरवर, जिथे अक्षरजुळणी नीट होते तिथे, चित्र म्हणून तयार करायचं आणि बोर्डाला फक्त चित्र पाठवायचं. ८०० × ४८० चं काळं-पांढरं चित्र ४८,००० बाइट्सचं, म्हणजे किरकोळ. असं केलं की बोर्डावरचा प्रोग्रामही लहान राहतो.

बॅटरीचं गणित लोक पॅनेलवरून करतात, ते बोर्डावरून करावं. जागा होऊन वायफायला जोडून झोपायला १५ सेकंद आणि सरासरी १०० मिलिअँपिअर धरले, तर एका खेपेला सुमारे ०.४ मिलिअँपिअर-तास. बारा तासांत अर्ध्या तासाला एक, म्हणजे २४ खेपांचे १० मिलिअँपिअर-तास. पण प्रयोगांसाठी मिळणाऱ्या साध्या डेव्हलपमेंट बोर्डावर यूएसबीची चिप आणि दिवा झोपेतही चालू असतात. ते ५ मिलिअँपिअर खात असतील, तर दिवसाला १२० तिथेच गेले. २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी दोन आठवड्यांत संपते. झोपेत कमी वीज खाणारा बोर्ड घेतला तर तीच बॅटरी काही महिने जाते. बाईंच्या टेबलाशी प्लग होता. त्यांनी सरळ वायर जोडली, तेच बरं झालं.

सगळ्यात महाग पडली ती शिळी माहिती. एका सकाळी वायफाय जोडलं गेलं नाही. ई-इंक विजेशिवाय चित्र धरून ठेवतो, त्यामुळे पडद्यावर कालचं पान ठसठशीत होतं आणि बाईंची बैठक चुकली. त्यानंतर चार दिवस त्यांनी डिस्प्ले पाहिला आणि लगेच फोनवर पडताळूनही पाहिला, म्हणजे आधीपेक्षा दुप्पट. डिस्प्लेवर विश्वास नसेल तर तो टेबलावर असून नसल्यासारखा. कोपऱ्यात ‘शेवटचा बदल ९:३०’ असं लिहून चालत नाही, कारण फरक असेल तरच चित्र बदलायचं असं ठरलं आहे. तिथे ‘शेवटची पडताळणी’ हवी आणि ती दर दोन तासांनी तरी नव्यानं छापली जायला हवी. माहिती आणता आली नाही, तर बोर्डानं स्वतःच मोठ्या अक्षरांतलं ‘जुनी माहिती’ हे आधीच साठवलेलं चित्र दाखवायचं. कॅलेंडरच्या वेळा अनेकदा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) येतात हेही लक्षात ठेवा. स्थानिक वेळेत बदलायचं राहिलं, तर बैठक भलत्याच तासाला दिसते.

नियम ठरला तो दुसऱ्या प्रकारासाठी. निरोप बघायच्या वेळा ११, १:३० आणि ४:३०. त्या सहकाऱ्यांना कळवल्या आणि पडद्यावर ‘निरोप: १:३०’ असं दिसू लागलं. ‘काही आलंय का’ला पडद्यावर उत्तर मिळत नाही, पण ‘कधी बघायचं’ला मिळतं. सहकाऱ्यांना न सांगता वेळा ठरवल्या, तर पहिल्याच ‘अहो, कुठे आहात?’नं त्या मोडतात.

दुसऱ्या आठवड्यात एक नेहमीचं वळण आलं: बाई डिस्प्लेच्याच मागे लागल्या. फॉन्ट, चौकट, चित्रं. काम टाळायला यापेक्षा सभ्य जागा मिळणं अवघड. मांडणीतले बदल आठवड्यातून एकदाच करायचे, सुचलेलं तोवर कागदावर लिहून ठेवायचं, असं ठरवलं. कागदावरचं बरंचसं शनिवारपर्यंत आपोआप नकोसं झालं.

नोंद पुन्हा घेतली, तेव्हा वेळ आणि बैठकीसाठी फोन उचलणं जवळपास थांबलं होतं. ‘काही आलंय का’ कमी झालं होतं. कारण नसलेल्या ओळी होत्या तेवढ्याच होत्या. त्यांच्यासाठी ‘सध्याचं काम’ ही ओळ बदलली. तिथे ‘पुस्तिका पूर्ण करणे’ असं होतं. त्याऐवजी ‘प्रकरण ४: तक्त्यांचे क्रमांक तपासणे’ असं, अर्ध्या तासात संपेल एवढंच लिहायला सांगितलं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी मांडलेली ‘असं झालं तर असं करीन’ ही पद्धतही जोडली: वाक्य अडलं, तर उठून पाणी पिईन आणि अडचण एका ओळीत लिहीन. एवढ्यानं सगळं सुटलं नाही, पण कशावर काम करायचं ते नेमकं कळलं. झोप पुरत नसेल, मन सतत उदास असेल किंवा लहानपणापासूनच लक्ष टिकत नसेल, तर मात्र डिस्प्लेच्या फंदात न पडता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं.

शेवटी त्यांची एक शंका उरली होती: फोन दुसऱ्या खोलीत ठेवला आणि घरच्यांचा तातडीचा फोन आला तर? फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर ठेवा, मोजकी माणसं आवडत्या यादीत घालून त्यांना परवानगी द्या आणि पुन्हा येणाऱ्या कॉलची सोय चालू करा. आयफोनमध्ये त्याच माणसाचा तीन मिनिटांत दुसरा कॉल आला तर वाजतो, अँड्रॉइडमध्ये ही मुदत पंधरा मिनिटांची असते. रिंगचा आवाज पूर्ण ठेवा, दार बंद करून एकदा ऐकून बघा आणि घरच्यांना सांगून ठेवा: तातडीचं असेल तर लगेच दुसऱ्यांदा लावा.