‘संगीत शारदा’ आज करायचं तर जुनाट काय म्हणून कापावं?

बायकांकडे बघायची नाटकाची नजर जुनी आहे, तेव्हा कुठला भाग गाळावा, असं तुम्ही विचारलंय. पदं निम्मी करा, चालेल. पैशासाठी म्हाताऱ्याला दिलेल्या शारदेचं लग्न जिथे मोडतं, त्या मांडवाच्या प्रवेशाला मात्र हात लावू नका. बहुतेक संस्था नेमका तोच उरकून टाकतात आणि ते मला अजिबात पटत नाही.

तिथे लग्न कशामुळे थांबतं ते बघा. नवरा भुजंगनाथ पंचाहत्तरीचा आहे म्हणून नाही. शारदा भेदरली आहे म्हणूनही नाही. तरुण कोदंड येऊन सांगतो की वधूवर सगोत्र आहेत, तेव्हा मांडव हादरतो! मुलीच्या वयाला मोल नाही, गोत्राला आहे. पुढे ती नदीवर जीव द्यायला जाते, कोदंड तिला वाचवतो. तरी तिचं आयुष्य मार्गी लागायला धर्मगुरू आचार्यांचा निर्णय लागतो की सप्तपदी झाली नव्हती, सबब लग्न झालंच नाही. याला नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचा मागासपणा म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. १८९९ साली त्यांनी समाज होता तसा उभा केला. मुलगी विकणारा कांचनभट आणि दलाली खाणारा भद्रेश्वर दीक्षित तर दोषी आहेतच. पण जेवायला बसलेली पंगतही दोषी आहे, आणि ते याच प्रवेशात दिसतं.

म्हणून बसवताना एवढं करा. कोदंड बोलला की सगळ्या माना भटजींकडे वळू द्या, शारदेकडे एकही नको. चार-पाच सेकंद तसंच थांबा. तिला पुढे आणून रडवलंत की प्रेक्षक तिची कीव करून मोकळे होतात.

दुसरी चूक भुजंगनाथाची. त्याला खोकायला, धडपडायला लावतात. त्याच्या वयाची थट्टा करणाऱ्या ‘म्हातारा इतुका न’ या पदाला तसाही हशा येतो, वन्समोअर मिळतो. त्यावर नटानेही विनोद केला की शारदेचं ‘मूर्तिमंत भीती’ हे पद पडतं, कारण कशाची भीती तेच उरत नाही. चोख उपरणं, भरलेली थैली आणि लग्नाची घाई, एवढंच त्याला पुरे.

शेवटच्या अंकातलं शास्त्रार्थाचं बोलणं आटोपशीर करायला हरकत नाही. निर्णयाचं वाक्य तेवढं राहू द्या. आणि माहितीपत्रकात ‘या नाटकावरून शारदा कायदा आला’ असं छापू नका. बालविवाहाला आळा घालणाऱ्या १९२९च्या त्या कायद्याला नाव मिळालं ते हरबिलास सारडांचं.