ज्यां-बातिस्त : नाव एक की दोन?

एका वाचकाने विचारले आहे : "नाटककार मोलिएर, फ्रान्सचा अर्थमंत्री कोलबेर, जीवशास्त्रज्ञ लामार्क, अर्थशास्त्रज्ञ से, स्वीडनचा राजा झालेला बेर्नादोत, या सगळ्यांच्या नावात 'जीन बॅप्टिस्ट' येते. हे एकाच घराण्यातले का? बॅप्टिस्ट हे वडिलांचे नाव की आडनाव? आणि मराठीत हे नाव नेमके लिहावे कसे?"

या पाच जणांत रक्ताचे नाते नाही. बॅप्टिस्ट हे त्यांच्यापैकी कोणाच्याही वडिलांचे नाव म्हणून आलेले नाही, आणि इथे ते आडनावही नाही. 'ज्यां-बातिस्त' हे सबंध मिळून एकच नाव आहे.

शंका येणे मात्र स्वाभाविक आहे. नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाची आपल्या कानाला इतकी सवय आहे की तीन शब्द दिसले की मधल्या जागी आपण वडील बसवतो. नामदार गोखल्यांचे उदाहरण घ्या. त्यांचे नाव गोपाळ, वडिलांचे कृष्णराव. 'गोपाळ कृष्ण गोखले' यात दोन पिढ्या आहेत. पण कितीतरी ठिकाणी ते 'गोपाळकृष्ण गोखले' असे जोडून छापलेले दिसते, आणि मुलाच्या नावात वडील विरघळून जातात. ज्यां-बातिस्तच्या बाबतीत आपली चूक नेमकी उलटी होते. एकसंध नाव आपण तोडतो आणि नसलेले वडील निर्माण करतो.

आता या नावाच्या पोटात काय आहे ते पाहू. ज्यां म्हणजे मूळ हिब्रू योहानान, लॅटिन योहानेस. मराठी बायबलातला योहान. बातिस्त हा मूळ ग्रीक शब्द, 'बुडवणारा' या अर्थाचा. यार्देन नदीत लोकांना बाप्तिस्मा देणारा, येशूलाही ज्याने बाप्तिस्मा दिला तो 'बाप्तिस्मा करणारा योहान' म्हणजे सेंट ज्यां-बातिस्त. एका संताचे नाव आणि त्याचे काम, दोन्ही मिळून हे नाव झाले आहे.

आपल्या संतांची नावे आठवा : गोरा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, नरहरी सोनार. तिथेही नावाला काम चिकटले आहे आणि ते काढले तर ओळख अर्धी होते. पण आपल्याकडे कोणी गोरोबाकाकांवरच्या श्रद्धेने मुलाचे नाव गोरोबा ठेवील, 'गोराकुंभार' असे ठेवणार नाही. फ्रेंचांनी नेमके तेच केले. संताचे नाव घेतले ते त्याच्या कामासकट घेतले. मला या नावाचे सगळ्यात मोठे वैशिष्ट्य हेच वाटते, आणि ज्यां-पोल, ज्यां-पिएर, ज्यां-ज्याक या नावांपासून ते वेगळे पडते तेही इथेच. ज्यां-पोल सार्त्रच्या नावात योहान आणि पौल असे दोन संत आहेत. ज्यां-ज्याक रूसोच्या नावात योहान आणि याकोब. २००८ साली साहित्याचे नोबेल मिळालेले ल क्लेझिओ यांचे नाव ज्यां-मारी. पुरुषाच्या नावात मरिया. ही सारी जोडनावे. ज्यां-बातिस्तमध्ये मात्र शब्द दोन असले तरी संत एकच आहे.

काम सांगायची गरज का पडली? कारण योहान दोन होते. एक बाप्तिस्मा करणारा, दुसरा शुभवर्तमान लिहिणारा. पहिल्याचा सण २४ जूनला, दुसऱ्याचा २७ डिसेंबरला. हा फरक केवळ धर्मशास्त्रापुरता नव्हता, घरातही तो उपयोगी पडे. स्वीडनच्या राजाचेच पाहा. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी पो नावाचे गाव आहे. तिथे एका वकिलाच्या घरी थोरला मुलगा झाला, त्याचे नाव ज्यां. १७६३ साली धाकटा झाला, तोही ज्यां. मग थोरला झाला ज्यां-एव्हांजेलिस्त, म्हणजे शुभवर्तमानकार योहान, आणि धाकटा ज्यां-बातिस्त. एका घरात दोन्ही योहान नांदले. धाकटा पुढे नेपोलियनचा मार्शल झाला आणि १८१८ मध्ये कार्ल चौदावा योहान या नावाने स्वीडनच्या गादीवर बसला. स्वीडिश नावात ज्यांचा योहान झाला, आणि भावापासून वेगळे ओळखण्यासाठी लागलेला बातिस्त गळून पडला. स्वीडनचे आजचे राजघराणे त्याचेच आहे.

मोलिएरची गोष्ट जवळपास हीच. त्याचे खरे आडनाव पोक्लँ. १५ जानेवारी १६२२ रोजी पॅरिसमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा नोंदीत नुसते 'ज्यां' होते. पुढे धाकट्या भावाचे नावही ज्यांच ठेवले, तेव्हा थोरल्याला घरात ज्यां-बातिस्त म्हणू लागले. म्हणजे जगप्रसिद्ध नाटककाराच्या नावातला बातिस्त भावाच्या जन्मानंतर आला. आपल्याकडे एकाच घरात दोन 'बाळ' झाले की एक बाळ आणि दुसरा बाळ्या होतो; इथे वेगळे ओळखण्यासाठी संताच्या कामाचा आधार घेतला, एवढेच.

मोलिएरचा जोडीदार संगीतकार ल्युली हाही ज्यां-बातिस्त. तो जन्माने फ्रेंच नव्हे. १६३२ साली फ्लॉरेन्समध्ये जन्मला तेव्हा तो जोव्हान्नी बात्तिस्ता लुल्ली होता. १६६१ मध्ये फ्रेंच प्रजाजन झाला आणि नावही फ्रेंच करून घेतले. चौदाव्या लुईच्या दरबारात या दोघा ज्यां-बातिस्तांनी मिळून नाट्य, संगीत आणि नृत्य एकत्र गुंफलेले खेळ उभे केले आणि पुढे त्यांचे बिनसले. त्याच दरबारात खजिना आणि आरमार सांभाळणारा मंत्री ज्यां-बातिस्त कोलबेर. त्याचा थोरला मुलगाही ज्यां-बातिस्त कोलबेर, तो बापामागे आरमाराचा मंत्री झाला. पुतण्याही ज्यां-बातिस्त कोलबेर, तो परराष्ट्रमंत्री झाला. फ्रेंच इतिहासात त्यांना वेगळे ओळखायला मुलाला सेन्येले आणि पुतण्याला तोर्सी म्हणतात. ती त्यांच्या जहागिरींची नावे. वाचकाने विचारलेले 'एकाच घराण्यातले का' हे फक्त इथे, कोलबेरांपुरते, खरे आहे.

हे नाव इतके पसरले याला घराण्याची रीत जशी कारण, तसे पुढे कायदाही कारण झाला. मुलाला धर्मपित्याचे किंवा आजोबांचे नाव देण्याची चाल होती, त्यामुळे तीच नावे फिरून फिरून येत. राज्यक्रांतीच्या काळात लोक मुलांना फुलाफळांची आणि क्रांतीतल्या कल्पनांची नावे देऊ लागले. त्यावर १८०३ साली कायदा झाला : नाव दिनदर्शिकांमधले असावे किंवा प्राचीन इतिहासातल्या प्रसिद्ध व्यक्तीचे असावे. फ्रेंच दिनदर्शिकेत रोजच्या तारखेला एक संत असतो, तेव्हा संतांच्या नावांना सरकारी मान्यताच मिळाली. आईबापांना मोकळेपणाने नाव निवडता येऊ लागले ते १९९३ च्या सुधारणेनंतर.

जाता जाता दालांबेरबद्दल सांगायलाच हवे, कारण त्याचे नाव जोडनावासारखे दिसते. 'ज्यां ल रों दालांबेर' हा गणिती १७१७ साली पॅरिसमध्ये एका देवळाच्या पायऱ्यांवर सापडलेले अर्भक. त्या देवळाचे नाव सँ-ज्यां-ल-रों, म्हणजे 'गोल संत योहान'. मुळात ते नोत्र दामचे बाप्तिस्मागृह होते, घडणीने गोल, आणि अर्पण केलेले बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला. पोराला देवळाचेच नाव दिले. त्याच्या नावात बातिस्त शब्द कुठे नाही, पण संत तोच आहे.

आपल्या मुलखाशी या नावाचा संबंध मला वाटले होते त्यापेक्षा कितीतरी जवळचा निघाला. कोलबेरनेच १६६४ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन केली आणि तिची वखार सुरतेस आली. त्याच्याही आधीपासून सुरत, गोवळकोंडा, गोवे असा फिरणारा हिऱ्यांचा व्यापारी ताव्हेर्निए, तोही ज्यां-बातिस्त. तो प्रोटेस्टंट होता. त्या पंथाचे लोक संतांच्या नावांपासून दूर राहत, पण बायबलात प्रत्यक्ष असलेल्या योहानाला त्यांची हरकत नव्हती. दौलतराव शिंद्यांच्या फौजेतला सेनानी फिलोज हाही ज्यां-बातिस्त. बाप नेपल्सकडचा, नावाचे रूप फ्रेंच. १८११ मध्ये चंदेरी शिंद्यांसाठी त्याने घेतली. आणि लामार्क? तो इथे कधी आला नाही, पण कोकणातल्या परसात त्याची आठवण उभी आहे. फणसाचे शास्त्रीय नाव 'आर्टोकार्पस हेटेरोफिलस लॅम.' आणि शेवग्याचे 'मोरिंगा ओलेइफेरा लॅम.' यातले शेवटचे 'लॅम.' म्हणजे ज्यां-बातिस्त लामार्क. ही दोन्ही नावे त्याने दिलेली.

हेच नाव पोर्तुगीज वाटेने आले ते 'जुआंव बाप्तिस्त' होऊन. गोव्यात २४ जूनला पावसाच्या तोंडावर डोक्यावर फुलांचे कोपेल घालून लोक विहिरीत उड्या घेतात, नव्या जावयाचे कौतुक होते, तो 'सांजांव' म्हणजे सांव जुआंव, सेंट योहान. मरिया भेटीला आली तेव्हा एलिझाबेथच्या पोटात योहानाने आनंदाने उडी मारली, असे बायबलात आहे. त्या उडीची ही उडी. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये त्याच दिवशी सेंट-ज्यां-बातिस्तचा सण असतो आणि तो तिथला राष्ट्रीय उत्सव आहे. मुंबईत याच शब्दाचे आडनाव झाले : टिळकांचे सहकारी, १९१६ च्या होमरूल लीगचे अध्यक्ष आणि पुढे मुंबईचे महापौर झालेले काका बॅप्टिस्टा. म्हणून 'बॅप्टिस्ट हे आडनाव का' या प्रश्नाला मी वर 'इथे नाही' असे उत्तर दिले. पोर्तुगीज वाटेवर ते आडनाव होते. हैतीमध्ये तर सबंध 'ज्यां-बातिस्त' हेच आडनाव म्हणून सर्रास चालते.

आता लेखन. 'जीन बॅप्टिस्ट' हा इंग्रजी वाचनाचा परिणाम. फ्रेंच उच्चारात पहिल्या शब्दाचा स्वर नाकातला आहे, आणि दुसऱ्यात प नाही, ट नाही. प लिहितात, उच्चारत नाहीत. हे विचित्र वाटायला नको. सात या अर्थाचा फ्रेंच शब्दही प घालून लिहितात आणि 'सेत' असा म्हणतात. आपण संस्कृत 'सप्त'चे 'सात' केले तेव्हा त्यातला प असाच गेला. आपण तो लेखनातूनही काढला, त्यांनी लेखनात ठेवला. अमेरिकेत लुइझियानातल्या फ्रेंच वारशाच्या कुटुंबांनी तो लेखनातूनही काढला. २०२२ मध्ये ग्रॅमी गाजवणारा तिथला संगीतकार जॉन बातिस्त आपले आडनाव प शिवायच लिहितो. फ्रेंच त आपल्या 'ताट'मधल्या त सारखा दंत्य, म्हणून 'बातिस्त'.

पहिल्या अक्षराचा पेच जरा नाजूक आहे. मराठी छपाईत जां, झां, ज्याँ, ज्यां अशी चारही रूपे सापडतात. 'जां' लिहिले तर मराठी वाचक 'जा, जागा' मधला दंततालव्य ज उच्चारणार, आणि 'झां' लिहिले तर 'झाड'मधला झ. फ्रेंच ध्वनी या दोन्हींहून वेगळा, तालव्य अंगाचा आहे. तो मराठीत नेमका नाही, पण य जोडला की जीभ निदान योग्य जागी जाते. म्हणून मी 'ज्यां' पसंत करतो. अनुस्वारापुढे ब आला की आपण सवयीने 'तांबे'सारखे म् म्हणतो आणि नाव 'ज्याम्बातिस्त' होते. मधली आडवी रेघ इथे कामी येते. तिच्यापाशी क्षणभर थांबले की स्वर नाकात राहतो. 'सांजांव' म्हणणाऱ्या गोवेकराला हे शिकवावे लागणार नाही.

ती रेघ उच्चारासाठी जेवढी हवी, तेवढीच अर्थासाठीही. आज फ्रेंचमध्ये रेघ असली तर नाव एक, मोकळी जागा असली तर नावे दोन. आद्याक्षरे करतानाही ते रेघ सोडत नाहीत. आपल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत 'जे. बी. से' छापतात, त्यातून दोन नावांचा भास होतो. 'ज्यां-बातिस्त से' असे पूर्ण लिहावे. जुन्या कागदपत्रांत मात्र ही रेघ पाळलेली नसते, त्यामुळे माणूस स्वतः कोणत्या नावाने ओळखला जाई हे पाहावे लागते. उष्णतेच्या गणितासाठी प्रसिद्ध असलेल्या फुरिएचे कागदोपत्री नाव ज्यां-बातिस्त जोसेफ, पण ओळख जोसेफ फुरिए. चित्रकार कोरो ज्यां-बातिस्त कामिय असूनही कामिय कोरो. १९२६ चे नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ पेरँ नुसतेच ज्यां पेरँ. त्यांच्या नावात ज्यां-बातिस्त नव्याने घालू नये.