मुलगी ५ वर्षांची, सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूला इजा होऊन स्नायू ताठरतात) चवड्यावर चालते. टाचेचं ऑपरेशन आताच करावं का?

ताई, घाई नको. इतक्या लहान वयात टाचेची शीर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोर) लांबवली तर हाड वाढताना ती पुन्हा आखडायची शक्यता जास्त. म्हणून बरेच सर्जन ६-७ वर्षांपर्यंत व्यायाम, स्प्लिंट, बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन), प्लास्टर यांवर निभावतात.

डॉक्टर गुडघा वाकवून आणि सरळ ठेवून, दोन्ही वेळा पाऊल वर दाबतात, ते नीट बघा. वाकवल्यावरच पाऊल वर येत असेल तर आखडलाय तो पोटरीचा वरचा स्नायू. अशा वेळी टाचेची शीर सरसकट लांबवू देऊ नका. ती जास्त सैल झाली तर मूल गुडघ्यात वाकून चालायला लागतं, आणि ते सुधारणं फार कठीण.

या आजारात खुबाही सरकू शकतो, म्हणून त्याचा एक्स-रे काढला नसेल तर तो आधी काढा. मुंबईत परळला मुलांच्या वाडिया हॉस्पिटलात दाखवा.