नखरेल खाणाऱ्याला फाइन डाइनला न्यावं का? वांगं न खाणाऱ्या एका वऱ्हाड्याचं उत्तर

प्रश्न: माझ्या यजमानांचं वय ५४. वरण-भात, पोळी, आलूची भाजी आणि झुणका, याच्यापुढे ते जात नाहीत. आंबट नको, बुळबुळीत नको, एकात एक कालवलेलं नको. मुलगी पुण्याला नोकरीला आहे. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला ती आम्हाला तिथल्या एका फाइन डाइनला नेते म्हणते. आठ पदार्थांचा ठरलेला मेनू, माणशी ५,००० रुपये. आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यातले. पैसे पाण्यात जातील का?

ताई, ठरलेल्या मेनूला नेऊ नका. निवडून मागवता येईल अशा चांगल्या ठिकाणी खुशाल न्या. उत्तर एवढंच आहे, पण ते शिकायला सव्वादोन क्विंटल कापसाचे पैसे गेले आहेत (माझे नाही, भाच्याचे), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याकडचा. कृषी केंद्र आहे. आणि मी वांगं खात नाही. हे वाक्य पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला साधं वाटेल. आमच्याकडे रोडग्याचं जेवण म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, त्यावर तूप, वरण आणि कढईभर वांग्याची भाजी. नवस फेडायचा असो की शेतात पाहुणे बोलवायचे असोत, बेत हाच. लहानपणी पंगतीत वाढपी भाजीची बादली घेऊन आला की मी दोन्ही हात ताटावर धरायचो. तो हाताच्या फटीतून वाढून पुढे जायचा. मग ती फोड रोडग्याच्या जाड पापुद्र्याखाली सारून ठेवायची. मोठी आई सगळ्यांदेखत म्हणायची, "पोट्ट्याले वांगं नाही चालत, अन् जन्मला वऱ्हाडात!" वांग्याशिवाय भेंडी नाही, घट्ट साईचं दही नाही, आणि सांभार (तुमच्या-आमच्याकडची कोथिंबीर) वरून भुरभुरलेला असेल तर एकेक पान वेचून ताटाच्या कडेला. बायकोने पंचवीस वर्षं हे सहन केलं आहे.

त्या पंचवीस वर्षांच्या निमित्तानेच मुंबईतल्या भाच्याने आम्हाला एका ठिकाणी नेलं. नाव लिहीत नाही, त्यांची काही चूक नव्हती. नऊ पदार्थ, माणशी ५,५००. टेबल बुक करताना फॉर्मवर विचारलं होतं की काही पथ्य, काही नको असलेलं? भाच्याने 'काही नाही' लिहून टाकलं. त्याला मामाच्या खोड्या ठाऊक होत्या, पण 'मोठ्या ठिकाणी मामा खातील' असं त्याला वाटलं.

तिसरी प्लेट आली. आमच्या घरचं परातीएवढं ताट, पांढरंशुभ्र, आणि मधोमध चमचाभर करडा गोळा, त्यावर तेलाचे तीन थेंब आणि एक काळपट पापडी. वाढणाऱ्या पोराने वाकून सांगितलं, "स्मोक्ड ऑबर्जीन." आता मी वांग्याच्या बियाण्याची पाकिटं रोज विकतो, त्यावर ब्रिंजल छापलेलं असतं. ऑबर्जीन कोण, मला काय ठाऊक. मी चमचा तोंडात घातला. खरं सांगतो, वास थेट चुलीचा होता, तुऱ्हाट्यांच्या जाळावर काही भाजलं की येतो तो. गोळा लोण्यासारखा मऊ, बिया नाहीत, साल नाही. गिळला. चांगला लागला.

तेवढ्यात बायको पुटपुटली, "वांगं हाय ते."

दुसरा चमचा गेला नाही. तोच पदार्थ, तीच चव, पण घसा बंद. बायको म्हणाली, "गुमान खा, लोक पाहून राह्यले." आणि ताई, पंगतीत रोडग्याखाली लपवता येतं. त्या एवढ्या मोठ्या पांढऱ्या ताटात लपवायला जागाच नसते!

नऊपैकी पाच पदार्थ मी पुरते खाल्ले, दोन अर्धे सोडले, दोन तसेच परत गेले. पोट भरलं ते ब्रेडवर, तो मागितला की पुन्हा देतात, मी चारदा मागितला. जेवण तीन तास चाललं. तिघांचे १६,५०० आणि ५ टक्के जीएसटीचे ८२५, म्हणजे १७,३२५ रुपये. २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता. हिशोब करा. मी तिथे बसल्या बसल्या केला, आणि उरलेले पदार्थ त्यामुळे आणखीच गोड लागेनात.

बायकोला मात्र ते जेवण अजून आठवतं. नऊच्या नऊ संपवले तिने. परतीच्या गाडीत प्रत्येक पदार्थात काय असेल याचा अंदाज बांधत होती, आणि गावी आल्यावर भरतात जवसाचं तेल घालून पाहिलं. एकाच टेबलावर, एकाच किमतीत, तिचे पैसे वसूल आणि माझे पाण्यात. म्हणून 'फाइन डाइन परवडतं का' या प्रश्नाला सगळ्यांसाठी एक उत्तर नाही.

ठरलेल्या मेनूत तुम्ही पैसे देता ते मुख्यतः 'काय खायचं ते दुसऱ्याने ठरवावं' यासाठी. शेफने क्रम लावलेला असतो, हलकं आधी, भारी मग, गोड शेवटी, मध्ये एखादं आंबटसर जीभ साफ करायला. ज्याला अनोळखी घासात मजा वाटते त्याला यात गंमत आहे. तुमच्या यजमानांना आणि मला नेमकी हीच गोष्ट नको असते. आम्हाला आधी कळायला हवं की ताटात काय आहे. म्हणजे जी वस्तू आम्हाला नको तिचेच सगळ्यात जास्त पैसे आम्ही मोजतो.

काही लोक म्हणतात, एकदा चांगल्या ठिकाणी खाल्लं की माणूस सुधारतो. मला हे पटत नाही. लहान मुलांवर जे अभ्यास झाले आहेत त्यांत नवी भाजी आवडायला लागायला तीच भाजी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही, थोडी थोडी चाखवावी लागते असं दिसतं. तिथे तर आठ वेगवेगळे पदार्थ, प्रत्येक एकदाच, पुन्हा भेट नाही. ५४ वर्षांचा माणूस त्याने काय बदलणार?

आणि हे सगळेच नखरे नसतात. १९३१ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाचे रसायनतज्ज्ञ एका पावडरीवर काम करत होते. पावडर हवेत उडाली तर शेजारचा सहकारी म्हणाला, काय कडू आहे! फॉक्सना काहीच लागलं नाही. तेव्हापासून ठाऊक आहे की काही कडू चवी काहींच्या जिभेला झोंबतात आणि काहींना कळतच नाहीत, आणि ते बरंचसं आईबापांकडून येतं. सांभाराचं तसंच, काहींना तो साबणासारखा लागतो आणि त्याचा संबंध वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी सापडला आहे. हे वाचलं तेव्हा मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग भेंडीचं जनुक कोणतं?" तिथे मी गप्प.

(यजमानांचं वजन घटत असेल, किंवा चार-दोन पदार्थांपलीकडचं काही समोर आलं की घाबरल्यासारखं होत असेल, तर गोष्ट वेगळी. अशा टोकाच्या टाळण्याला २०१३ पासून डॉक्टरांच्या निदानाच्या पुस्तकात स्वतंत्र नाव आहे. तेव्हा हॉटेल राहू द्या, डॉक्टरांना विचारा. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही.)

आता दुसरी बाजू. पुढच्या वर्षी नागपूरला एका मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये गेलो, मेनूकार्डावरून निवडायचं होतं. या वेळी दोन दिवस आधी मी स्वतः फोन केला. वांगं, भेंडी, दही नको, कोथिंबीर वरून नको, रस्सा वेगळ्या वाटीत द्या. पलीकडच्या माणसाने एकही प्रश्न न विचारता लिहून घेतलं. आणि जेवण असं झालं की काय सांगू. साधी डाळ होती, पण रात्रभर मंद शिजलेली. आलू होते, पण बाहेरून कुरकुरीत आणि आत लोणी. माझ्या ओळखीचेच पदार्थ, आजवर खाल्ल्यापेक्षा दुप्पट चांगले केलेले. नखरेल माणसाला हेच हवं असतं. तो रोज तीच आलूची भाजी खातो म्हणून त्या भाजीतला बारीकसारीक फरक त्याला इतरांपेक्षा जास्त कळतो.

ढाब्यावर हे जमत नाही. तिथे कांदा-टमाटरची ग्रेव्ही सकाळीच मोठ्या गंजात होते, पनीर असो की काजू, सगळ्यावर तीच पडते. त्यातून एक गोष्ट वगळता येत नाही. महागड्या ठिकाणी प्रत्येक प्लेट वेगळी लागते, त्यामुळे वरचं काही काढणं किंवा वाटीत वेगळं देणं त्यांना अवघड नसतं. पण त्यांचेही सॉस, स्टॉक (भाज्या-हाडं उकळून काढलेलं पाणी) आधी करून ठेवलेले असतात. टेबलावर बसून 'यात आंबट घालू नका' म्हटलं तर तो वाढणारा पोरगा नुसता हसेल. म्हणून आधी फोन.

फोनवर एक गोष्ट करू नका. नावडीला 'ॲलर्जी' म्हणू नका. ॲलर्जी म्हटलं की स्वयंपाकघरात चिरायच्या पाट्या, सुऱ्या, भांडी वेगळी घ्यावी लागतात, आणि लोक असं खोटं सांगू लागले की ज्याला दाण्याने खरंच घसा सुजतो त्याचंही कोणी मनावर घेत नाही. सरळ 'चालत नाही' म्हणा. त्यांना रोजची सवय आहे.

बिलाचं थोडं. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी, पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर आहे तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. नागपूरला मला हे बिल पाहून कळलं. सेवाशुल्क बिलात आपोआप लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. मुंबईत आमच्या बिलात ते लागलं होतं, भाच्याने शांतपणे काढायला लावलं. मी असतो तर लाजून भरलं असतं.

मुलगी कदाचित मिशेलिनच्या ताऱ्यांचं सांगेल, अमुक शेफने तारेवाल्या हॉटेलात काम केलं आहे वगैरे. तारे देणारं ते पुस्तक मुळात टायर विकणाऱ्या फ्रेंच कंपनीने १९०० साली गाडीवाल्यांसाठी काढलं. एक तारा म्हणजे थांबण्याजोगं, दोन म्हणजे वाट वाकडी करण्याजोगं, तीन म्हणजे मुद्दाम प्रवास करण्याजोगं. बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेसमध्ये रात्र काढून पोचलेल्या माणसाला कोणतंही हॉटेल तीन ताऱ्यांचंच!

तुमच्यापुरतं सांगतो. मुलीने अजून पैसे भरले नसतील तर तिला निवडून मागवता येईल अशी जागा शोधायला सांगा. ठरलेल्या मेनूवाल्या जागा बऱ्याचदा आधीच पैसे घेतात आणि परत देत नाहीत, म्हणून हे आजच विचारा. तिला तो आठ पदार्थांचा मेनू तुम्हाला खाऊ घालायचाच असेल, आणि तुम्हालाही हौस असेल (तुमच्या प्रश्नात ते कुठेच नाही, सगळं यजमानांबद्दलच आहे), तर तुम्ही दोघी एका दुपारी तिथे जा आणि वाढदिवसाच्या संध्याकाळी तिघं मिळून दुसरीकडे जेवा. यजमानांना दुपारी मुलीच्या खोलीवर वरण-भात लावून दिला तर ते तक्रार करणार नाहीत, उलट सुटलो म्हणतील. मला कोणी हा पर्याय दिला असता तर मी मुंबईत भाच्याच्या पाया पडलो असतो.

आणि फोन करताना नको असलेल्या भाज्यांची नावं मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हींत सांगायला सांगा. यजमानांना वांगं चालत नसेल तर ब्रिंजलही सांगा, बैंगनही सांगा आणि ऑबर्जीनही. एगप्लांट म्हणजेही तेच, हे मला मागच्या महिन्यात कळलं.